मेळाव्याचा मांडव उठल्यावर

(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळपासून आपण या मांडवात बसला आहात. प्रदर्शनातील दालने पाहिलीत, नवीन वाण पाहिले, रुंद वरंबा सरी यंत्र चालते कसे तेही पाहिलेत. माझ्या आधीच्या वक्त्यांनी सोयाबीन, कपाशी आणि तुरीबद्दल सविस्तर माहिती दिली आहे. ती मी पुन्हा सांगत बसणार नाही. संध्याकाळी हा मांडव उठेल, खुर्च्या ट्रॅक्टरवर चढतील, आपण गावी जाल आणि आम्ही महाविद्यालयात. त्यानंतर आजच्या मेळाव्यातले आपल्या वावरात काय उरेल, या एकाच प्रश्नावर मला बोलायचे आहे.

हा प्रश्न मला एका शेतकऱ्याने शिकवला, तेव्हा आधी ती हकिगत सांगतो. त्यात चूक माझी होती.

काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातील एका गावात जुलै महिन्यात आम्ही मेळावा घेतला होता. गर्दी चांगली झाली. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे एकात्मिक व्यवस्थापन हा माझा विषय होता. पाहुण्यांची भाषणे लांबली आणि माझ्या वाट्याला पंधरा मिनिटे आली. मी घाईघाईने मुख्य मुद्दे सांगितले आणि कामगंध सापळ्यांचे वाटप करून आम्ही परतलो. ऑक्टोबरच्या शेवटी त्या गावी पुन्हा जाणे झाले. एक वयस्कर शेतकरी मला धुऱ्यावरून थेट पऱ्हाटीत घेऊन गेले. म्हणाले, "साहेब, तुमच्या सापळ्यात महिनाभर एक पाखरू नाही. म्हणून आम्ही निश्चिंत होतो. मग बोंडात अळी आली कुठून?" आम्ही वीस हिरवी बोंडे तोडून फोडली. सात बोंडांत अळी होती.

सापळा उघडून पाहिला. आत सुरुवातीला लावलेलीच ल्यूर होती. ल्यूरचा गंध साधारण तीन ते चार आठवडे टिकतो. त्यानंतर ती बदलावी लागते, नाहीतर सापळा नुसता काठीला टांगलेला राहतो. हे माझ्या टिपणात लिहिलेले होते. वेळ कमी पडला म्हणून तेवढे वाक्य राहून गेले. ते काका रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "विचारायला तुम्ही नव्हते, आणि गावात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते." त्या घरची तिसरी वेचणी बहुतेक कवडी निघाली.

बंधू-भगिनींनो, तंत्रज्ञान चुकीचे नव्हते आणि शेतकरी आळशी नव्हता. जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत एकमेकांना विचारायची जागा गावात नव्हती, आणि त्यामुळे नुकसान झाले.

मेळाव्याने काय होते आणि काय होत नाही

मेळावे निरुपयोगी आहेत असा अर्थ कृपया काढू नका. नवीन गोष्ट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शेतकऱ्याचा विश्वास बसत नाही, आणि बसूही नये. ज्यांच्या नावाने आपले विद्यापीठ आहे त्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी हे ओळखले होते. केंद्रात कृषि खात्याचे मंत्री असताना त्यांच्या पुढाकाराने १९५९-६० मध्ये दिल्लीत जागतिक कृषि प्रदर्शन भरले. डिसेंबर १९५९ मधील उद्घाटनाला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर उपस्थित होते. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रदर्शनाच्या चार वर्षे आधी, १९५५ मध्ये, भाऊसाहेबांनी भारत कृषक समाजाची स्थापना केली होती. आधी शेतकऱ्यांची संघटना आणि मग प्रदर्शन, असा तो क्रम होता. पाहून आलेले घेऊन बसायला माणसे हवीत, याची त्यांना जाणीव होती.

आपल्या वर्ध्याचे उदाहरण तर त्याहून जुने आहे. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे काम मगनवाडीतून चालले. त्या काळी काँग्रेसच्या अधिवेशनांबरोबर खादी व ग्रामोद्योगांची प्रदर्शने भरत असत. १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूरला अधिवेशन झाले, ग्रामीण भागात भरलेले ते पहिले अधिवेशन. तिथेही असे प्रदर्शन होते. पण अधिवेशन संपले की प्रदर्शन उठते. वर्ध्यात १९३८ मध्ये मगन संग्रहालय सुरू झाले, म्हणजे घाणी, चरखा, हातकागद यांची सुधारलेली साधने बाराही महिने पाहायला मिळू लागली, आणि तयार करणारे कारागीरही जवळच होते. साधन बिघडले तर कोणाकडे जायचे हे लोकांना माहीत झाले. वर्ध्याच्या मातीत हा विचार नवा नाही. आपण शेतीत त्याचा वापर कमी केला, एवढेच.

ठरलेली तारीख

आता मराठवाड्यातील एक उदाहरण देतो. जालना जिल्ह्यातील खरपुडी येथील कृषि विज्ञान केंद्रात दर महिन्याच्या ५ तारखेला शेतकऱ्यांचे चर्चासत्र भरते. विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने हा उपक्रम सुरू झाला आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालत आला. तिथे एका विषयावर शास्त्रज्ञ बोलतात, ज्यांनी ते करून पाहिले ते शेतकरी आपला अनुभव सांगतात आणि मग प्रश्नोत्तरे होतात.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती ५ तारीख. निमंत्रण पत्रिका नको, पाहुण्यांची वेळ घ्यायला नको. शेतकऱ्याला माहीत असते की आज पिकात काही वेगळे दिसले, तर ५ तारखेला विचारता येईल. एकदा चुकले तरी पुढच्या महिन्यात पुन्हा ५ तारीख आहेच. मेळाव्याला जे जमत नाही ते ठरलेल्या तारखेला जमते, कारण पीक उगवण्यापासून काढणीपर्यंत बदलत असते आणि प्रश्नही दर महिन्याला बदलतात.

दुसरे उदाहरण शेतीशाळेचे. इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुड्यांचा मोठा उपद्रव होता. फवारण्या वाढत गेल्या, तसे मित्रकीटक मेले आणि तुडतुडे वाढले. १९८९ मध्ये तिथे जागतिक अन्न व कृषि संघटनेच्या मदतीने पहिल्या शेतीशाळा सुरू झाल्या. आपल्याकडेही कृषि विभाग आता शेतीशाळा घेतो. तिची पद्धत साधी आहे. वीस-पंचवीस शेतकरी एकाच शेतात ठरावीक दिवसांनी जमतात. पाच-पाच जणांचे गट करून झाडे तपासतात, किडी आणि मित्रकीटक मोजतात, कागदावर झाडाचे चित्र काढून त्यावर मांडतात, आणि फवारणी करायची की नाही हे चर्चेने ठरवतात. शिकवणारा कमी बोलतो.

आपल्या गावात सुरुवात कशी करावी

आपण म्हणाल, हे सगळे ठीक, पण आमच्या गावात कसे करायचे? ज्या गावाची हकिगत मी सांगितली, तिथे पुढच्या वर्षी असे मंडळ सुरू झाले. तिथे आम्ही जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

१) तारीख आणि जागा ठरवा. दर महिन्याची एक तारीख, तीही बाजाराचा दिवस टाळून. खरिपात जुलै ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी बसावे. जागा पिंपळाचा पार असो वा समाजमंदिर, पण सुरुवात वावरात व्हावी. आधी पाऊण तास पीक पाहायचे, मग बसून बोलायचे. हार, नारळ, सत्कार काहीही ठेवू नये. पहिल्या बैठकीला चौदा जण होते, तिसऱ्या बैठकीला पाच. आम्हाला वाटले संपले. पण त्या पाच जणांनी तारीख मोडली नाही. गाव हे पाहत असते. पोळ्यानंतर संख्या पुन्हा वाढली.

२) वही ठेवा. पाऊस किती, सापळ्यात पतंग किती, वीस बोंडांत अळ्या किती, कोणी काय फवारले आणि त्याचा परिणाम काय झाला, हे तारखेनिशी लिहावे. ल्यूर बदलल्याची तारीखही त्यात यावी. दोन हंगामांची वही तुमच्या गावापुरती आमच्या पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी ठरेल.

३) ज्यांचे हात पिकाला लागतात त्यांना बोलवा. मंडळात पहिले चार महिने फक्त सातबारावर नाव असलेले पुरुष होते. एके दिवशी निंदणाला आलेल्या एका बाईंनी न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुले ओट्यात भरून आणली आणि विचारले, "ही अशी का झाली?" त्या डोमकळ्या होत्या, गुलाबी बोंडअळीची पहिली खूण. आम्ही सापळे मोजत होतो आणि त्यांनी कळी ओळखली होती. त्यानंतर वेचणी-निंदण करणाऱ्या भगिनी मंडळात आल्या, आणि बैठकीची वेळ त्यांच्या सोयीने सायंकाळची झाली.

फवारणी करणाऱ्या मजुरांचे तर विशेष. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. पंप पाठीवर घेणारा माणूस मेळाव्याला कधी बोलावला जातो का? मालक ऐकून येतो आणि मजूर फवारतो. दोन-तीन कीटकनाशके एकत्र मिसळू नयेत, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, हातमोजे व तोंडाला मास्क वापरावा, उपाशीपोटी फवारू नये, हे त्याच्या कानावर थेट पडले पाहिजे.

४) विक्रेत्याला पाहुणा म्हणून बोलवा, यजमान करू नका. कृषि सेवा केंद्रवाले आपलेच आहेत, उधारी तेच देतात. पण चहा-नाश्त्याचा खर्च ज्याचा, विषयही त्याचाच होतो. चहाला वर्गणी पुरते.

५) एक विषय, एक तास. सगळे प्रश्न एका दिवसात सुटत नाहीत. उत्तर कोणालाच ठाऊक नसेल, तर प्रश्न वहीत लिहून कृषि विज्ञान केंद्र, सेलसुरा येथे किंवा कृषि सहायकांकडे न्यावा, आणि पुढच्या बैठकीत उत्तर वाचून दाखवावे.

वर्षाचे विषय

आपल्या जिल्ह्यातील पीकपद्धतीनुसार विषयांची मांडणी अशी करता येईल.

एप्रिल-मे: माती नमुने घेणे आणि सोयाबीन बियाण्याची उगवण तपासणी. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत १०० दाणे मांडून गुंडाळी करावी, गोणपाट ओले ठेवावे आणि पाच-सहा दिवसांनी कोंब मोजावेत. ७० किंवा अधिक दाणे उगवले तर बियाणे पेरणीयोग्य. मंडळाने एकाच दिवशी सर्वांच्या बियाण्याची तपासणी केली, तर कोणाकडे चांगले बियाणे आहे ते गावालाच कळते आणि बाहेरून घेण्याचा खर्च वाचतो.

जून: पेरणीचा निर्णय. ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये ही शिफारस आपण ऐकलेली आहे. पण शेजाऱ्याची तिफण निघाली की आपला धीर सुटतो. गावात एक साधे पर्जन्यमापक असावे आणि पारावर रोज आकडा लिहावा. सगळ्यांनी मिळून थांबायचे ठरवले की एकट्याला थांबणे सोपे जाते.

जुलै-ऑगस्ट: रसशोषक किडी, सोयाबीनवरील खोडमाशी व चक्री भुंगा. कपाशी ४५ दिवसांची झाली की हेक्टरी ५ कामगंध सापळे पाहणीसाठी लावावेत.

सप्टेंबर-नोव्हेंबर: डोमकळ्या वेचून नष्ट करणे. सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी ८ पतंग, किंवा २० हिरव्या बोंडांत २ अळ्या म्हणजे १० टक्के प्रादुर्भाव आढळला, तर नुकसानीची पातळी गाठली असे समजून शिफारशीनुसार उपाय योजावा. तुरीवरील शेंगा पोखरणारी अळी आणि हरभऱ्याची पेरणी हे विषयही याच काळातले.

डिसेंबर-जानेवारी: कपाशीची उलंगवाडी. फरदड न घेता वेळेत पऱ्हाट्या काढणे आणि रान स्वच्छ करणे. जमाखर्चाचा ताळेबंदही याच बैठकीत मांडावा.

या शेवटच्या विषयावर जरा थांबतो. गुलाबी बोंडअळीचा पतंग धुरा ओळखत नाही. दोन जनुकांची बीटी कपाशी २००६ मध्ये आली. पुढे अळीने तिलाही दाद दिली नाही आणि २०१७ मध्ये राज्यभर काय झाले ते आपण भोगले आहे. मी एकट्याने पऱ्हाट्या काढल्या आणि शेजाऱ्याने मार्चपर्यंत ओलित करून फरदड ठेवली, तर पुढच्या वर्षीची अळी माझ्याच बोंडात येणार. हे काम सगळ्या शिवाराने एकदम केले तरच उपयोग. म्हणून मंडळ ही केवळ शिकण्याची सोय राहत नाही. काही तंत्रज्ञान असे आहे की ते एकट्याला वापरताच येत नाही.

जे एकट्याला मिळत नाही

समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद आपणा सर्वांना ठाऊक आहे. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. पिवळाधमक रंग आणि अधिक कुरकुमीन ही तिची ओळख. हळद पिढ्यान् पिढ्या पिकत होती, मग मानांकन इतक्या उशिरा का? १९९९ च्या कायद्यानुसार मानांकनाचा अर्ज एकट्या शेतकऱ्याला करता येत नाही. उत्पादकांची संघटना किंवा संस्था लागते, शिवाय वाणाची वैशिष्ट्ये, लागवडीची पद्धत, परिसराचा इतिहास हे सगळे लेखी मांडावे लागते. म्हणजे आधी उत्पादकांनी एकत्र बसावे लागते आणि लिहून ठेवावे लागते. आर्वी, आष्टी, कारंजा भागातील गवळाऊ गायीच्या पैदाशीलाही हेच लागू आहे. वळूंची निवड आणि वंशावळीची नोंद एका गोठ्यात होत नाही, त्यासाठी अनेक गोठ्यांची वही लागते.

मेळाव्याला येताना

मग मेळाव्याला यायचे की नाही? जरूर यावे, पण मंडळातर्फे यावे. खरिपाची पिके उभी असताना अकोल्याला विद्यापीठाची शिवार फेरी असते. तिथे वीस जणांनी जाऊन तेच पाहण्यापेक्षा चौघांनी विषय वाटून जावे. एकाने कपाशी, एकाने तूर-सोयाबीन, एकाने अवजारे, एकाने फळबाग. जाण्यापूर्वी गावातले प्रश्न लिहून न्यावेत, रोगट झाड किंवा बोंड कागदी पिशवीत सोबत घ्यावे. परत आल्यावर आठवड्याच्या आत बैठकीत सांगावे. आणि नवीन दिसलेली गोष्ट आधी एका शेतकऱ्याने दोन-चार तासांवर करून पाहावी, बाकीच्यांनी ती पाहावी. संपूर्ण वावरावर उडी घेऊ नये.

आमच्याकडूनही मागणी करा. भाषण लांबले तर थांबवा आणि प्रश्नांना वेळ मागा. मेळावा घेणाऱ्याला विचारा की पुन्हा केव्हा येणार. "पुढच्या वर्षी" असे उत्तर आले तर ते मान्य करू नका. कार्यानुभवासाठी गावात राहणाऱ्या कृषि पदवीच्या विद्यार्थ्यांना मंडळाची वही द्या, नोंदी त्यांच्याकडून लिहून घ्या. त्यांचेही शिक्षण त्यातच आहे. माझे स्वतःचे खरे शिक्षण त्या पऱ्हाटीतच झाले.

अडचणी येतील. गावात गट-तट असतात. ऐन हंगामात कोणाला वेळ नसतो. मंडळ सुरू करणारा माणूस निवडणुकीला उभा राहिला की बाकीचे बाजूला होतात. आमच्या त्या गावात बैठकीचा निमंत्रक दर सहा महिन्यांनी बदलायचे ठरले आणि राजकारण पाराच्या बाहेर ठेवायचे ठरले. ते प्रत्येक वेळी पाळले गेले असे मी म्हणणार नाही. एकदा दोन महिने बैठकच झाली नाही. पुन्हा सुरू झाली ती त्याच काकांमुळे. त्यांनी वही आणि घडीची चटई घेऊन एकट्यानेच पारावर जाऊन बसायला सुरुवात केली. येणारे-जाणारे विचारू लागले आणि चार जण जमले.

गेल्या हंगामात मी त्या गावी गेलो तेव्हा त्यांच्या सापळ्यात पतंग होते. ल्यूर नवी होती, खाली काठीवर बदलल्याची तारीख खडूने लिहिलेली होती. मला काही सांगायची गरज पडली नाही. मी बोंडे फोडली आणि ते आकडा लिहून घेत गेले.

आता एकच विनंती. आज इथे एका गावचे दोन-तीन जण तरी आलेले आहात. मांडवातून बाहेर पडण्यापूर्वी आपल्या गावच्या माणसांनी एकत्र उभे राहावे आणि पुढची तारीख व जागा ठरवावी. ती कागदावर लिहून, दाराशी माझे विद्यार्थी बसले आहेत त्यांच्याकडे द्यावी. ज्या गावांनी तारीख दिली असेल, तिथे पहिल्या बैठकीला आमच्यापैकी कोणीतरी येईल. भाषण द्यायला नाही, वावर पाहायला.